खेळातले खलपुरुष

कार्तिक शुद्ध प्रतिपदा म्हणजे बलिप्रतिपदा, हे घरोघर ठाऊक असते. तिचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा आहे, याची आठवण मात्र आता थोड्यांनाच उरली आहे. त्या दिवशी द्यूत खेळावे असा जुना संकेत. एकाच तिथीला दोन गोष्टी आल्या आहेत पहा : एक खेळ, आणि दुसरी पाताळात घातलेल्या एका पराभूत राजाची याद. बळी हा देवांचा प्रतिपक्षी; तरी त्याचे राज्य पुन्हा यावे, असे आपल्या आयाबहिणी ओवाळताना अजून म्हणतात. खेळ आणि प्रतिपक्ष यांचे आपल्याकडे असे जुने सख्य आहे.

खेळातला खलपुरुष म्हटला की मात्र आपल्याला बळी आठवत नाही, शकुनी आठवतो. कौरवसभेत त्याने शस्त्राला हात लावला नाही. फासे त्याच्या बोटांचे ऐकत, एवढेच त्याचे सामर्थ्य. युधिष्ठिराला खेळाची हौस होती आणि खेळ येत नव्हता, हे खरे; पण तो बुडाला तो समोरचा गडी सरळ खेळत नव्हता म्हणून. शकुनीची चीड आपल्याला दुःशासनाहून कमी येत नाही, तिचे कारण हेच. रणातला क्रूरपणा एक वेळ समजतो. पटावरची लबाडी क्षमेला पात्र वाटत नाही.

इतिहासाच्या अभ्यासात आयुष्य गेल्यामुळे मला हरलेल्या पक्षाविषयी नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. विजेत्यांना चरित्रकार मिळतात, हरलेल्यांना टोपणनावे. गेली काही वर्षे मी अशाच काही हरणाऱ्यांचा माग काढतो आहे. ते महाभारतातले नव्हेत, पेशवाईतलेही नव्हेत. ते आहेत व्हिडिओ गेममधले. हसू नका. या मंडळींचे वय आता चाळीस-पन्नास वर्षांचे झाले आहे. त्यांच्याशी झुंजलेली पोरे स्वतः आईबाप झाली आहेत, आणि कित्येकांना शाळेतल्या बाकावरचा सोबती आठवत नाही पण हे शत्रू आठवतात. ते का आठवतात, हा माझ्या मते इतिहासाचाच प्रश्न आहे.

या खेळांच्या आरंभी खलपुरुष नव्हताच. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या तरुणांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ केला. दोन अवकाशयाने, मध्ये सर्वांना ओढून घेणारा एक तारा, आणि एकमेकांवर मारा करणारे दोन खेळाडू. १९७२ सालचा अटारी कंपनीचा ‘पाँग’ म्हणजे तर टेबल टेनिसची सावली : दोन रेघा आणि एक ठिपका. दोन्हींत समोर जिवंत माणूस होता. हरणाऱ्याने चहा पाजला की वैर संपले! खलपुरुषाची गरज पडली ती माणूस यंत्रापुढे एकटा खेळायला बसला तेव्हा.

१९७८ साली जपानच्या टैटो कंपनीतील तोमोहिरो निशिकादो याने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. अकराअकरांच्या पाच रांगा, एकूण पंचावन्न परग्रहवासी. ते आडवे सरकत येतात आणि कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात. खाली तुमची एकुलती एक तोफ. माणसांवर गोळ्या झाडायला लावणे बरे नव्हे, म्हणून आक्रमकांना माणसाचे रूप दिले नव्हते. खेकडा, ऑक्टोपस, माकूळ अशा समुद्री जीवांवरून ती रूपे बेतली होती. आता गंमत ऐका. यंत्राची शक्ती बेताची. पडदा एकदा नव्याने रंगवला जाई तेवढ्यात त्याला एकच आकृती पुढे सरकवता येई. पंचावन्न जणांची पाळी यायला वेळ लागे, म्हणून आरंभी हे सैन्य रेंगाळत चाले. गडी पडत तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येई, आणि शेवटचा एकटा राहिला की तो वाऱ्यासारखा पळे. निशिकादोने हे तसेच राहू दिले; किंबहुना हाच खेळाचा प्राण आहे, हे त्याने ओळखले. जोडीला खर्जातल्या चार स्वरांचे आवर्तन, तेही घाबरलेल्या छातीच्या ठोक्यांसारखे जलद होत जाणारे.

शत्रूला अजून नाव नव्हते, चेहरा नव्हता. तरी खेळणाऱ्याला एक गोष्ट कळून चुकली होती : तुम्ही त्याला जितके माराल तितका उरलेला शत्रू भयंकर होईल. यंत्राच्या दारिद्र्यातून निघालेले हे सत्य कोणत्याही युद्धाच्या इतिहासात शोभावे.

दोनच वर्षांनी, १९८० साली, या शत्रूला स्वभाव मिळाला. नामको कंपनीतील तोरू इवातानी याला असा खेळ हवा होता, की तो खेळायला मुलीबाळीही येतील. नुसती गोळाबारी त्याला नको होती. त्याने ‘पॅकमॅन’ केला. एक पिवळा गोल गडी चक्रव्यूहात ठिपके खात फिरतो आणि चार भुते त्याच्या मागे लागतात. चौघांना एकच बुद्धी दिली असती, तर ती आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक धावत राहिली असती. म्हणून इवातानीने चौघांच्या चार तऱ्हा केल्या. तांबडे भूत, ब्लिंकी, तुम्ही जिथे आहात तिथेच सरळ येते. गुलाबी पिंकी तुमच्या तोंडापुढच्या चौथ्या घरावर डोळा ठेवते. म्हणजे ती पाठलाग करीत नाही, वाट अडवते. निळा इंकी तुमच्याकडे पाहतो आणि तांबड्याकडेही पाहतो, आणि दोघांच्या जागांवरून आपली जागा ठरवतो. त्यामुळे त्याचा नेम लागत नाही. चौथा, नारिंगी क्लाइड, दूर असताना मोठ्या आवेशाने अंगावर येतो. आठ घरांच्या आत आला की त्याचा धीर सुटतो आणि तो आपल्या कोपऱ्याकडे पळतो.

वाचकहो, ही चार माणसे आपल्या आळीत नाहीत काय? एक उघड वैरी, एक कोपऱ्यावर टपून बसणारा, एक दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून आपले मत बनवणारा, आणि एक लांबून दंड थोपटून जवळ आल्यावर कामाची आठवण होणारा. जपानीत या भुतांची नावेही स्वभावावरून पडली होती : पाठलाग करणारा, दबा धरणारी, लहरी आणि वेड पांघरणारा.

इवातानीची आणखी एक युक्ती मला फार आवडते. भुते सतत पाठीस लागली तर खेळणारा जेरीला येईल, म्हणून त्यांच्या लाटा केल्या. आरंभी सात सेकंद ती आपापल्या कोपऱ्यात हिंडतात, मग वीस सेकंद पाठलाग करतात, मग पुन्हा माघार. आणि त्यांचे वागणे पूर्णपणे नियमाने बांधलेले आहे. तुम्ही तीच वाट त्याच क्षणी धरलीत, तर तीही तीच वाट धरतील. जाणत्या खेळाडूंनी या वाटा पाठ केल्या. पिवळा गडी वर तोंड करून चालत असला, तर हिशेबातल्या एका चुकीने पिंकी चार घरे वर आणि चार घरे डावीकडे असा भलताच नेम धरते. तिची ती खोडही खेळाडूंनी हेरली आणि वापरली. शकुनीपुढे बसून युधिष्ठिराने दहा जन्म घालवले असते तरी त्याला जिंकता आले नसते. या भुतांपुढे मात्र जो बसेल, पाहील आणि शिकेल, त्याला ती वाट देतात. पडद्यावरचा खलपुरुष आणि शकुनी यांत हा मोठा भेद आहे : पडद्यावरचा मारतो, पण फसवत नाही.

स्वभाव आला, आता हवे होते वैराचे कारण. ते १९८१ साली आले, आणि तेही टंचाईतूनच. क्योटोच्या निन्तेन्दो कंपनीचा ‘रडारस्कोप’ नावाचा खेळ अमेरिकेत खपेना. पडून राहिलेल्या यंत्रांत घालायला नवा खेळ तयार कर, असे शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला सांगण्यात आले. आधी पॉपाय, त्याची ऑलिव्ह आणि दांडगा ब्लूटो यांना घ्यावे असा बेत होता. त्या पात्रांचे हक्क तेव्हा मिळाले नाहीत. मग ब्लूटोच्या जागी आला एक अजस्र वानर. त्याने एका बाईला उचलून बांधकामाच्या सांगाड्यावर नेले आहे. वरून तो पिंपे लोटतो आहे, आणि खालून एक छोटा सुतार उड्या मारीत चढतो आहे. हाच ‘डाँकी काँग’. आणि तो सुतार म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला मारिओ.

यावर अमेरिकेत खटलाही झाला. आमच्या किंग काँगची ही नक्कल आहे, म्हणून युनिव्हर्सल या चित्रपटकंपनीने १९८२ साली दावा लावला. पण किंग काँगची कथा ही कोणा एकाची मालमत्ता नाही, असे याच कंपनीने काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खटल्यात मांडले होते! तेच तिच्यावर उलटले. १९८४ साली वरिष्ठ न्यायालयानेही निन्तेन्दोच्या बाजूने निकाल दिला. राजवाड्यातून राजकन्या पळवणारे खलपुरुष पुष्कळ झाले. कोर्टात जिंकलेला हा एकच माझ्या पाहण्यात आहे.

पण खटल्याहून मोठी गोष्ट १९८२ सालीच घडली होती. ‘डाँकी काँग ज्युनिअर’ या पुढच्या खेळात तोच वानर पिंजऱ्यात बंद आहे, त्याचे पोर त्याला सोडवायला निघाले आहे, आणि हातात चाबूक घेऊन पहारा करणारा दुष्ट माणूस आहे कोण? मारिओ! कालचा नायक आज खलपुरुष. एका वर्षाच्या अंतराने त्याच घराण्याची कथा दुसऱ्या बाजूने सांगितली गेली, आणि पोरांनी काहीही खळखळ न करता बापाला सोडवले. बळीची गोष्ट पाताळातून सांगितली तर कशी होईल, याचा हा वस्तुपाठच म्हणा ना. इतिहासाची साधने दोन्ही बाजूंची वाचावीत, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे घसा कोरडा करून सांगतो; इथे ते एका नाण्यात कळत होते.

पुढे १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ पुन्हा सरळ मार्गाला लागला आणि बाउझर नावाचा कासवांचा राजा त्याचा वैरी झाला. मियामोतोच्या मनात आधी एका जुन्या जपानी व्यंगपटातला बैलराजा होता. सोबत काम करणाऱ्या तेझुका या सहकाऱ्याला त्या चित्रात कासव दिसले, आणि बैलाचे कासव झाले. हा बाउझर दर किल्ल्यात हरतो आणि दर किल्ल्यात राजकन्या दुसरीकडेच असते. पण १९९२ साली गाड्यांच्या शर्यतीचा खेळ निघाला, तेव्हा हाच राजा मारिओच्या शेजारी गाडी लावून शर्यतीला उभा राहिला. दीर्घ वैराचे शेवटी शेजारात रूपांतर होते. भाऊबंदकीतही हे पाहायला मिळते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या खलपुरुषाकडे येतो. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे शहरागावांतून कॉम्प्युटर क्लास निघाले. माझा भाचा अशाच एका क्लासला जाई. फी भरलेली असे टायपिंग आणि हिशेब शिकण्यासाठी. वेळ जाई तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळात. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली अ‍ॅपल टू या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राची हालचाल रेखली. जाफर नावाच्या वजिराने राजकन्येला एका तासाची मुदत दिली आहे : माझ्याशी लग्न कर, नाही तर मर. त्या साठ मिनिटांत राजपुत्राने तळघरातून बाहेर पडायचे.

जाफर हा ठरीव साच्याचा खलपुरुष; तो फारसा लक्षात राहत नाही. लक्षात राहते ती सावली. मेक्नरला आणखी एक शत्रू हवा होता, पण यंत्राच्या स्मृतीत नव्या पात्राच्या चित्रांना जागाच उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रे घेऊन, ती एका ठिपक्याने सरकवून एकमेकांवर ठेवण्याची गणिती युक्ती त्याने केली, आणि त्यातून एक धूसर, चकाकणारी आकृती निघाली. हे सारे त्याच्या त्या वेळच्या रोजनिशीत आले आहे. ती पुढे छापली गेली. नवा माणूस परवडत नाही म्हणून नायकाचीच छाया शत्रू झाली!

चौथ्या टप्प्यात वाटेत आरसा आडवा येतो. राजपुत्र त्यातून उडी मारतो, आणि त्याच क्षणी पलीकडून त्याची सावली उडी मारून निसटते. त्याची शक्ती झटकन घटते. पुढे ही सावली त्याच्या आधी धावत जाऊन औषधाची कुपी पिऊन टाकते. पुढे एकदा ती दार बंद करणाऱ्या फरशीवर पाय देते आणि राजपुत्र खाली कोसळतो. अखेर बाराव्या टप्प्यात दोघे समोरासमोर येतात, तलवारी उपसल्या जातात. तुम्ही तिला वार करता आणि पाहता तो काय? जखम तुम्हालाच होते. तिला मारले तर तुम्हीच मरता.

माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र या ठिकाणी कित्येक दिवस अडले होते. तलवार अधिक चपळाईने चालवावी, असे एकाचे मत. मागे सरून मारावे, असे दुसऱ्याचे. एका संध्याकाळी त्यांच्यातल्या सर्वांत अबोल पोराने कंटाळून तलवार म्यान केली. समोरच्या सावलीनेही केली. मग हा नुसता चालत तिच्याकडे गेला, आणि दोघे एकमेकांत मिसळून एक झाले. त्यापुढे वाटेत रिकामी दरी असते. आता तिच्यावर धावत सुटले की पावलागणिक पायाखाली फरशी उमटत जाते. त्या दिवशी घरी येऊन भाच्याने जेवता जेवता हे सांगितले तेव्हा त्याची आई म्हणाली, “मग एवढे दिवस मारामारी कशाला करीत होतात?” त्याला उत्तर सुचले नाही, मला अजून सुचलेले नाही.

या मेक्नरचाच आधीचा, १९८४ सालचा ‘कराटेका’ हा खेळ आहे. त्यात शेवटी सुटका झालेल्या राजकन्येपुढे तुम्ही लढण्याच्या पवित्र्यातच गेलात, तर ती एका लाथेने तुम्हाला ठार करते. शस्त्र केव्हा खाली ठेवावे हा प्रश्न या माणसाच्या मनात बरीच वर्षे घोळत असावा.

यानंतर यंत्रे श्रीमंत झाली आणि खलपुरुषांना लांबलचक कथा मिळाल्या. त्यांतल्या दोघांचाच उल्लेख करतो. १९९४ सालच्या स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी’ मालिकेतील सहाव्या खेळात केफ्का नावाचा एक विदूषक आहे. वेढा घातलेल्या किल्ल्याच्या पाण्यात विष कालवताना तो हसतो. अशा माणसाला नायक ऐन वेळी आवरणार, अशी आपली खात्री असते. तसे होत नाही. कथा अर्ध्यावर असताना केफ्का जिंकतो आणि जगाचा विध्वंस होतो. त्यानंतर खेळणाऱ्याच्या हाती काय उरते? एक निर्जन बेट, सेलेस नावाची एक तरुणी, आणि ती ज्याला आजोबा म्हणते असा एक आजारी म्हातारा. त्याच्यासाठी समुद्रातून मासे धरून आणायचे. चपळ मासा चांगला, संथ मासा वाईट. नीट निवडून खाऊ घातले तर म्हातारा वाचतो. जग बुडवणाऱ्याला दिलेले पहिले उत्तर म्हणजे एका दुखणाइताच्या तोंडी घातलेला ताजा घास. तलवारीची पाळी पुष्कळ नंतर येते.

दुसरा आहे १९९८ सालच्या ‘मेटल गिअर सॉलिड’मधला सायको मँटिस. कर्ता हिदेओ कोजिमा. हा मनकवडा. तुम्ही पूर्वी कोणते खेळ खेळलात तेही तो सांगतो. कारण यंत्राला जोडलेल्या स्मृतीच्या कार्डावरची नोंद तो खरोखरच वाचतो. तुमचा प्रत्येक हेतू त्याला आधी कळतो, म्हणून एकही वार लागत नाही. उपाय असा : हातातल्या नियंत्रकाची तार पहिल्या खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घालायची. मग त्याला तुमचे मन वाचता येत नाही. वीस वर्षे पडद्यात राहणारा शत्रू इथे थेट खोलीत आला, आणि त्याला हरवायला खेळणाऱ्याला जागेवरून उठावे लागले. युधिष्ठिराला फासे बदलून मागण्याचे सुचले असते तर, असे मला हे ऐकल्यावर वाटून गेले. आणि इथेही लबाडी नाही : अडलेल्या खेळाडूला त्याचा वरिष्ठ अधिकारी बिनतारी यंत्रावरून ही युक्ती सुचवतो.

या खेळांनी मुले क्रूर होतात, ही तक्रार माझ्याही कानी येते. सगळेच खेळ सोवळे आहेत, असा माझा दावा नाही. पण जे शत्रू चाळीस वर्षे लोकांच्या स्मरणात राहिले, ते क्रौर्याच्या बळावर राहिलेले दिसत नाहीत. त्यांना एक स्वभाव होता, आणि तो चिडून, आदळआपट करून कळत नसे. शंभरदा हरून, निमूटपणे पाहून, बोटांनी तो शिकावा लागे. एखाद्याशी झुंजताना त्याला इतके ओळखणे आपल्या रोजच्या भांडणांत कुठे घडते?

तेव्हा या दिवाळीत घरची मुले पडद्यापुढे बसली, तर त्यांना किती मारले असे विचारू नका. तो समोरचा वागतो कसा, असे विचारून पहा. उत्तर लांबेल, फराळाचे ताट जवळ असू द्या.